रेसिंग सिम्युलेटरमधलं आकाश बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायरचं तापमान, फोर्स फीडबॅक, सस्पेन्शन यांवर तासन्‌तास खल चालतो. आकाशाकडे मात्र लक्ष जातं ते खोटं दिसायला लागल्यावरच. सरळ रस्त्यावर समोरच्या काचेचा मोठा भाग आकाशानेच व्यापलेला असतो आणि बॉनेटवर जे चमकतं तेही आकाशच असतं. खालची उत्तरं मुख्यतः 'असेट्टो कोर्सा' धरून दिली आहेत, कारण आकाशावर सर्वांत जास्त हात फिरला आहे तो याच सिम्युलेटरमध्ये. जुन्या सिम्युलेटरांची रीत जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आकाश बदलणारी युटिलिटी नेमकं करते काय?

दोन जाती आहेत. पहिली जुनी आणि साधी. तिच्याकडे आकाशाच्या चित्रांचे संच असतात. तुम्ही यादीतून एक निवडता आणि ती त्या संचातल्या फाइल ट्रॅकच्या किंवा गेमच्या फोल्डरमध्ये नेऊन मूळ फाइलच्या जागी ठेवते. नाव तेच, मापं तीच, आतलं चित्र वेगळं. गेमला काही कळत नाही, तो नेहमीच्या नावाची फाइल उघडतो आणि दाखवतो. रफॅक्टर किंवा जीटीआर-२ या जुन्या सिम्युलेटरांच्या काळातल्या बहुतेक युटिलिटी याच पद्धतीच्या.

दुसरी जात चित्र बदलत नाही, आकाश रंगवण्याचं कामच गेमच्या हातातून काढून घेते. सूर्य किती अंशावर आहे, हवेत धूसरपणा किती, ढग किती उंचीवर, यावरून दर फ्रेमला आकाशाचा रंग मोजला जातो. असेट्टो कोर्सामधलं कस्टम शेडर्स पॅचचं (गेमच्या चित्रण यंत्रणेत वरून बसवायची भर) 'वेदर एफएक्स' आणि त्यावर चालणारी 'सोल' किंवा 'प्युअर' ही या जातीतली. यांना युटिलिटी म्हणणं थोडं कमीच पडतं, पण लोक तसंच म्हणतात.

म्हणजे नुसतं छान चित्र टाकलं की काम झालं?

नाही, आणि या पानावरचे निम्मे प्रश्न याच गैरसमजातून येतात.

सिम्युलेटरमध्ये आकाश हा नाटकातला मागचा पडदा नाही, दृश्यातल्या सगळ्या प्रकाशाचा हिशोब त्याच्याशी जुळावा लागतो. सूर्याची दिशा एका ठिकाणी लिहिलेली असते, त्यावरून सावल्या पडतात. सावलीतल्या भागाला मिळणारा मंद उजेड दुसरीकडे, धुक्याचा रंग तिसरीकडे. शिवाय गाडीच्या पत्र्यावरचं प्रतिबिंब आकाशावरूनच तयार होतं. तुम्ही फक्त चित्र बदललं आणि बाकीचं तसंच ठेवलं, तर वर भरून आलेलं आभाळ आणि खाली डांबरावर भर दुपारच्या धारदार सावल्या, असा प्रकार होतो. डोळ्याला काय खटकतंय ते चटकन सांगता येत नाही, पण खटकतं.

म्हणून आकाशाचा एखादा संच उतरवताना चित्रं किती सुंदर आहेत यापेक्षा त्यासोबत प्रकाशाच्या फाइल दिल्या आहेत का, ते आधी बघा. असेट्टो कोर्साच्या मूळ रचनेत प्रत्येक हवामानाचा स्वतंत्र फोल्डर असतो. त्यात 'वेदर' नावाची आयएनआय फाइल (सेटिंग्जची साधी मजकूर फाइल) ढग आणि धुकं सांभाळते, तर 'कलरकर्व्ह्ज' नावाची दुसरी फाइल क्षितिज, आकाश, सूर्य आणि सभोवतालचा उजेड यांचे रंग ठरवते. संचात नुसती ढगांची चित्रं असतील आणि ही दुसरी फाइल नसेल, तर ते काम अर्धवट आहे असं समजा.

कोणत्या सिम्युलेटरमध्ये हे करता येतं?

असेट्टो कोर्सा (कुनोस सिम्युलाझिओनी, २०१४) इथे सगळं मोकळं आहे. रफॅक्टर (२००५) आणि जीटीआर-२ (२००६) इथेही जमतं, पण ट्रॅकगणिक. त्यांत आकाश हा ट्रॅकच्या दृश्याचाच एक भाग असतो. ट्रॅकच्या एससीएन फाइलमध्ये आकाशाच्या घुमटाचं मॉडेल नोंदवलेलं असतं आणि त्यावर चढवायचं टेक्श्चर, म्हणजे चित्र, ट्रॅकसोबतच येतं. त्यामुळे एका ट्रॅकवर बदललं म्हणून दुसऱ्यावर बदलेल असं नाही.

असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने (२०१९) नावाने भावंड असलं तरी अनरिअल इंजिन-४ वर आहे. त्यात दिवस-रात्र आणि पाऊस आधीपासूनच आहेत आणि आकाश बदलायला सोयीची जागा ठेवलेली नाही. ऑटोमोबिलिस्टा-२ मध्येही आकाश इंजिन स्वतः घडवतं. या दोन्हींत जे आहे ते चांगलं आहे, उगाच हात घालू नये.

असेट्टो कोर्सासाठी काय काय लागतं?

मूळ गेम, कंटेंट मॅनेजर, कस्टम शेडर्स पॅच आणि एक हवामान संच. कंटेंट मॅनेजर हा गेमचा पर्यायी लाँचर. देणगी देऊन त्याची पूर्ण आवृत्ती मिळते, पण आकाशाच्या कामासाठी फुकटची पुरते. कस्टम शेडर्स पॅच हा गेमच्या चित्रण यंत्रणेत शिरणारा भाग, त्याशिवाय पुढचं काहीच नाही. हवामान संच म्हणून सुरुवातीला सोल घ्या, तो फुकट आहे. प्युअर त्याच निर्मात्याचा नंतरचा, पैसे देऊन मिळणारा.

मूळ गेममध्ये सात हवामानं आहेत: दाट धुकं, विरळ धुकं, निरभ्र, थोडंसं निरभ्र, हलके ढग, मध्यम ढग आणि दाट ढग. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ६, रात्र नाही, पाऊस नाही. ही मर्यादा कळली की लोक एवढा खटाटोप का करतात ते लक्षात येतं.

बसवायचं कसं?

आधी गेम एकदा जसाच्या तसा चालवून बघा. ही पायरी गाळणारे पुष्कळ, आणि मग मूळ गेमच्याच बिघाडाचं खापर संचावर फुटतं.

मग कंटेंट मॅनेजर उघडा, त्याला गेमचा फोल्डर दाखवा, सेटिंग्जमध्ये कस्टम शेडर्स पॅचचं पान उघडून तिथूनच पॅच बसवा. सोलची झिप फाइल न उलगडता कंटेंट मॅनेजरच्या खिडकीवर ओढून सोडली की ती वरच्या कोपऱ्यातल्या यादीत दिसते, तिथून बसवा. हाताने करायचं असेल तर झिपमधले फोल्डर गेमच्या मुख्य फोल्डरवर टाका, 'ॲप्स', 'कंटेंट', 'एक्स्टेन्शन', 'सिस्टम' ही नावं जुळली पाहिजेत. झिपमध्ये आणखी एक बाहेरचा फोल्डर असतो, तो सकट कॉपी केला तर सगळं एक पायरी आत जातं आणि काहीच चालत नाही.

शेवटी पॅचच्या सेटिंग्जमध्ये 'वेदर एफएक्स' चालू करा. तिथे दोन निवडी असतात आणि त्यांची गल्लत होते. एक ठरवते की हवामान केव्हा कोणतं असेल, म्हणजे कंट्रोलर. दुसरी ठरवते की ते दिसेल कसं, म्हणजे स्टाइल किंवा स्क्रिप्ट. सोल दिसायला हवा असेल तर दुसऱ्या निवडीत सोल असलाच पाहिजे. नुसता कंट्रोलर निवडून आकाश बदलत नाही.

मूळ फाइलची प्रत ठेवायला युटिलिटी आहेच ना?

आहे, पण तिच्यावर विसंबू नका. फाइल अदलाबदल करणाऱ्या जुन्या युटिलिटींपैकी काही बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत काढतात. अडचण दुसऱ्या वेळी येते. मूळ आकाश परत न आणताच तुम्ही दुसरं आकाश निवडलं, तर युटिलिटी आता जागेवर असलेल्या, म्हणजे आधीच बदललेल्या फाइलची प्रत काढते आणि खऱ्या मूळ प्रतीवर ती चढवते. मूळ गेलं. म्हणून पहिल्या वापराआधी तो फोल्डर स्वतः दुसरीकडे कॉपी करा आणि युटिलिटीला त्याचा पत्ता लागू देऊ नका.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून गेम घेतला असेल तर गेमच्या फाइल तपासण्याची सोय आहे, ती मूळ फाइल परत आणून देते. तुम्ही नव्याने टाकलेल्या फाइल मात्र ती काढत नाही.

सगळं नीट केलं, तरी आकाश तेच. काय चुकतंय?

कारणं अनेक, पण नेहमी भेटणारी थोडकीच.

जुना गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असेल तर विंडोज तिथे लिहू देत नाही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रामांनी तिथे लिहायचा प्रयत्न केला की ती फाइल गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये वळवली जाते. युटिलिटी म्हणते काम झालं, फाइल एक्सप्लोररमध्ये बघावं तर मूळचीच फाइल. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा साध्या फोल्डरमध्ये बसवणं हा यावरचा कायमचा उपाय.

दुसरं कारण, फाइलचं शेपूट. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवतं. नोटपॅडमध्ये नवी आयएनआय फाइल लिहून साठवलीत तर तिच्यामागे टीएक्सटी लागलेलं असतं आणि दिसत नाही. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करा, मॉडिंग करणाऱ्याला तो बंद ठेवून चालतच नाही.

तिसरं, असेट्टो कोर्सामध्ये पॅच चालूच झालेला नसतो. डॉक्युमेंट्समधल्या असेट्टो कोर्साच्या फोल्डरमध्ये 'लॉग्ज' आहे, त्यात पॅचची स्वतंत्र नोंद फाइल असते. तिची तारीख आत्ताची नसेल तर पॅच उठलेलाच नाही, आकाशाकडे बघत बसू नका.

चौथं, जुन्या सोलचे अवशेष. पूर्वीच्या आवृत्त्या हवामानाच्या फोल्डरमध्ये 'सोल'ने सुरू होणारे अनेक फोल्डर टाकत. नवी आवृत्ती त्यावर चढवली की दोन्हींची सरमिसळ होते. आधी जुने काढा, मग नवी बसवा.

आकाश पांढरंफटक दिसतं, ढगांचा आकारच कळत नाही.

हे आकाशाचं नाही, फिल्टरचं दुखणं आहे. पोस्ट-प्रोसेसिंग फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याचं एक्सपोजर आणि रंगछटा ठरवणारी फाइल. मूळ गेमचे फिल्टर मूळ गेमच्या उजेडाला जुळवलेले आहेत. सोलमध्ये आकाशाचा आणि उन्हाचा तेजस्वीपणा वेगळ्या पट्टीत मोजला जातो, त्यामुळे जुना फिल्टर लावला की तेजस्वी भाग सरळ पांढरा होतो. सोलसोबत आलेला, त्याच नावाचा फिल्टर लावा. पोस्ट-प्रोसेसिंग पूर्ण बंद असेल तर तेही चालू करा.

फिल्टर बदलूनही भगभगीत वाटलं तर मॉनिटर तपासा. गेमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मॉनिटरांत काळा भाग उजळ करणारा मोड चालू असतो. तो अंधारात शत्रू दिसावा म्हणून असतो, आकाशाचा मात्र विचका करतो.

रात्र का येत नाही?

वेदर एफएक्स बंद असेल तर मूळ गेमची ८ ते ६ ही वेळच लागू राहते. चालू करा.

एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी, कधी सावल्या लांब आणि कधी आखूड का?

तारखेमुळे. वेदर एफएक्स सूर्याची जागा ट्रॅकचे अक्षांश-रेखांश, टाइमझोन आणि तारीख यांवरून काढतं. स्पा-फ्रँकोरशाँ साधारण ५०.४ अंश उत्तरेला आहे. तिथे जूनच्या अखेरीस माध्यान्हीला सूर्य ६३ अंशांवर चढतो, डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम १६ अंशांवर. एक मीटर उंचीच्या खांबाची सावली जूनमध्ये सुमारे अर्धा मीटर, डिसेंबरमध्ये जवळपास साडेतीन मीटर. दुपारी बाराची शर्यत लावली आणि ऊन थेट डोळ्यांत घुसायला लागलं तर बिघाड नाही, संगणकावरची आजची तारीख हिवाळ्यातली आहे. कंटेंट मॅनेजरमध्ये शर्यतीची तारीख हाताने ठरवता येते. जूनमधली ल मान्सची रात्र हवी असेल तर तारीख जूनची लावा, नाहीतर अंधार फार लवकर पडतो. तिथे त्या दिवसांत सूर्यास्त रात्री दहाच्या आसपास होतो.

हौशी मंडळींनी बनवलेल्या काही ट्रॅकांत ही भौगोलिक माहितीच भरलेली नसते. तिथे सूर्योदयाच्या वेळेवर विश्वास ठेवू नका.

आकाशात दोन सूर्य दिसतात!

एक चित्रातला आणि एक गेमचा. पॅनोरामा फोटोत सूर्य आलेला असतो आणि गेम आपला सूर्य त्यावर वेगळा काढतो. फोटोतला सूर्य पुसावा लागतो. नुसती चकती खोडून भागत नाही, भोवतीचं तेजोवलयही बुजवावं लागतं, नाहीतर कारण नसताना एका कोपऱ्यात उजळ डाग राहतो. त्यापेक्षा उलटं करणं सोपं: जिथे गेममध्ये सूर्याचा कोन हाताने देता येतो तिथे फोटोतल्या सूर्यावर गेमचा सूर्य आणून बसवा. मग वेळ मात्र गोठवून ठेवावी लागते. चित्रातलं आकाश हलत नाही, शर्यत तासभर चालली तर सूर्य सरकतो आणि पुन्हा दोन होतात.

स्वतः काढलेल्या फोटोंचं आकाश करता येईल का?

येईल, आणि या साऱ्या प्रकारात सगळ्यात मजेचं काम हेच आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही हाताने एकदाच ठरवून पक्के करा. ऑटोवर ठेवलंत तर प्रत्येक फोटोचा निळा वेगळा येतो आणि जोडल्यावर आकाशात पट्टे दिसतात. शेजारच्या दोन फोटोंत निदान एक चतुर्थांश भाग सामाईक येऊ द्या.

पोलरायझर (लेन्सवर लावायची ध्रुवीकरणाची काच) काढून ठेवा. एका फोटोत तो आकाश खुलवतो, पॅनोरामात मात्र घात करतो. आकाशाच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतं, त्यामुळे जोडलेल्या चित्रात सूर्यापासून काटकोनात एक गडद निळा पट्टा उमटतो. तो दुरुस्त करणं म्हणजे जवळजवळ सगळं आकाश पुन्हा रंगवणं.

जोडलेलं पूर्ण गोलाकार चित्र रुंदीला उंचीच्या दुप्पट असतं. ट्रॅकसाठी वरचा अर्धाच महत्त्वाचा, खालचा डोंगर, झाडं आणि प्रेक्षकांच्या गॅलऱ्यांमागे जातो. क्षितिजालगतची पट्टी मात्र जपून करा. खऱ्या आकाशात क्षितिजाजवळ निळा फिका होत जातो, कारण तिथे नजर हवेच्या जास्त जाड थरातून जाते. हा फिकेपणा आणि गेममधल्या धुक्याचा रंग जुळला नाही तर दूरची टेकडी कातरून चिकटवल्यासारखी दिसते. रंग मिळवायची माझी पद्धत अशी: चित्राच्या अगदी तळाच्या पट्टीतून रंग उचलायचा आणि हवामानाच्या फाइलमधल्या धुक्याच्या ओळीत टाकायचा. तो टाकताना आधीच्या संख्या ० ते १ मधल्या आहेत की ० ते २५५ मधल्या, ते बघून त्याच पट्टीत लिहा. मग ट्रॅकवरच्या सर्वांत लांबच्या सरळ रस्त्यावर उभं राहून टोकाकडे बघायचं. टेकडीची कड हवेत विरत गेली पाहिजे.

डीडीएस कशात साठवू? निळ्या रंगात पट्टे-पट्टे येतात.

डीडीएस ही टेक्श्चरची फाइल, आणि तिच्यात चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) साठवायच्या अनेक पद्धती असतात. बरेच जण सवयीने त्यांतली डीएक्सटी-१ निवडतात आणि तिथेच फसतात. डीएक्सटी-१ चित्राचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनासाठी दोनच मूळ रंग साठवतं. तेही लालसाठी ५, हिरव्यासाठी ६ आणि निळ्यासाठी ५ बिटांत. म्हणजे निळ्याच्या छटा फक्त ३२. गवत, डांबर, भिंत अशा खडबडीत पृष्ठभागांवर हे लपून जातं. आकाश म्हणजे डोक्यापासून क्षितिजापर्यंत सलग उतरत जाणारी एकच छटा, तिथे हे पायऱ्यांसारखं उघडं पडतं. डीएक्सटी-५ मध्ये पारदर्शकता सुधारते, रंगांची पट्टी तीच राहते, त्यामुळे त्यावर उडी मारून उपयोग नाही.

डायरेक्टएक्स-११ वर चालणाऱ्या गेममध्ये, म्हणजे असेट्टो कोर्सातही, बीसी-७ ही नवी पद्धत वापरा. जुन्या गेमना ते कळत नाही, तिथे न दाबलेलं ३२ बिटांचं डीडीएस ठेवा आणि मेमरीची किंमत मोजा. आणखी एक युक्ती: साठवण्याआधी चित्रात अगदी बारीक, डोळ्याला न जाणवणारा दाणेदारपणा मिसळा. पायऱ्यांच्या कडा त्यात मोडतात. गिंप हे फुकट चित्र-संपादक २.१०.१० पासून डीडीएस थेट साठवतं, पण बीसी-७ साठी एनव्हिडियाचं टेक्श्चर एक्स्पोर्टर जास्त सोयीचं वाटतं.

रुंदी-उंची चारने भागली जाईल अशीच ठेवा. दोनाच्या घातात असेल तर उत्तम.

केवढं मोठं चित्र घ्यावं?

साधं गणित आहे. पूर्ण घुमटाचं चित्र ३६० अंश व्यापतं. रुंदी ४०९६ असेल तर एका अंशाला सुमारे ११ पिक्सेल येतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या मॉनिटरवर ६० अंशांचं दृश्य ठेवलंत तर मॉनिटर मागतो अंशाला ३२. म्हणजे ४०९६ चं आकाश पडद्यावर जवळपास तिप्पट ताणलं जातं. निरभ्र आकाशाला ते चालतं, कडा असलेल्या ढगांना नाही. ८१९२ ला अंशाला २३ च्या आसपास येतात आणि ढग बऱ्यापैकी टोकदार दिसतात.

मेमरी: ८१९२ बाय ४०९६ चं चित्र बीसी-७ मध्ये ३२ एमबी, न दाबता १२८ एमबी. मिपमॅप (त्याच चित्राच्या सोबत साठवलेल्या लहान लहान प्रती) ठेवलेत तर वर आणखी एक तृतीयांश. आजच्या ग्राफिक्स कार्डाला हे जड नाही, ३२ बिटांच्या जुन्या गेमला मात्र झेपेलच असं नाही.

आकाशात उभी रेघ दिसते.

चित्राची डावी-उजवी कड जिथे मिळते तिथली ती शिवण. कडा रंगाने जुळत नसतील तर चित्र आडवं निम्म्याने सरकवून मधोमध आलेली जोड रंगवून घ्या. कडा जुळत असूनही रेघ येत असेल तर दोष मिपमॅपचा. चित्र लहान करताना कडेचे पिक्सेल पलीकडच्या बाजूच्या रंगाशी न मिसळता आत ओढले जातात. आकाशासाठी मिपमॅप बंद करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

फ्रेमरेट का घसरला?

स्थिर चित्र बदलल्याने घसरत नाही. सोलसारख्या संचाने घसरतो, आणि त्यात मुख्य वाटा ढगांचा आणि प्रतिबिंबांचा. असेट्टो कोर्सा गाडीभोवतीच्या दृश्याचा सहा बाजूंचा क्यूबमॅप काढत राहतो आणि एका फ्रेमला किती बाजू नव्याने काढायच्या ते सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. सहाच्या सहा ठेवल्या असतील तर दोन-तीनवर आणा. धावत्या गाडीच्या पत्र्यावरचा फरक ओळखून दाखवणारा विरळा. मग सोलच्या ॲपमध्ये ढगांची संख्या आणि दर्जा उतरवा. सावल्यांना शेवटी हात लावा, त्यांचा परिणाम डोळ्याला लगेच दिसतो.

व्हीआरमध्ये ढग विचित्र वाटतात.

ढग सपाट पाट्यांचे असतात आणि प्रत्येक पाटी तुमच्याकडे तोंड करून वळते. मॉनिटरवर कळत नाही, हेडसेट घालून मान तिरकी केली की ढगही वळल्यासारखे वाटतात. कमी ढगांचं हवामान निवडा. तीन मॉनिटरवाल्यांना ही अडचण नाही, त्यांना शिवण जास्त छळते, कारण बाजूच्या मॉनिटरवर ती कायम डोळ्यांसमोर असते.

आकाश बदलल्याने गाडीच्या पकडीवर परिणाम होतो का?

चित्राने होत नाही. हवामानाने होतो, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असल्यामुळे गोंधळ उडतो. असेट्टो कोर्साच्या वेदर आयएनआय फाइलमध्ये तापमानाचा एक गुणांक असतो. त्यावरून रस्ता हवेपेक्षा किती तापेल ते ठरतं. दाट ढगांचं हवामान निवडलं की रस्ता थंड राहतो आणि टायर वेगळे वागतात. दुसऱ्याचा आकाश संच टाकला आणि अचानक वेळ सुधारली किंवा बिघडली, तर तो गुणांक बदललाय का ते बघा. लॅपच्या वेळांची तुलना करायची असेल तेव्हा आकाश कुठलंही असो, हवेचं आणि रस्त्याचं तापमान सारखं हवं.

ऑनलाइन शर्यतीत यामुळे हाकलतील का?

असेट्टो कोर्सात सहसा नाही. सर्व्हर हवामानाचं नाव, तापमानं आणि सूर्याचा कोन कळवतो, ते दाखवायचं कसं हे तुमचा संगणक ठरवतो. सर्व्हर ताडून बघतो ते गाडीचा डेटा आणि ट्रॅकच्या पृष्ठभागाची फाइल. काही सर्व्हर पॅचची किमान आवृत्ती मागतात एवढंच. शेजारच्याला दिसणारं आकाश मात्र तुमच्यासारखंच असेल असं धरून चालू नका. 'ऊन डोळ्यांवर आलं म्हणून धडकलो' ही सबब त्याला पटेलच असं नाही, कदाचित त्याच्याकडे ढगाळ असेल.

जुन्या सिम्युलेटरांत ट्रॅकच्या फाइल जुळत नाहीत म्हणून प्रवेश नाकारला जाऊ शकतो. लीगमध्ये खेळत असाल तर आयोजकांना आधी विचारा.

अँटिव्हायरस ओरडतोय.

पॅचची मुख्य फाइल 'डीराइट' या नावाची डीएलएल असते. हेच नाव विंडोजच्या स्वतःच्या एका फाइलचंही आहे, आणि गेमच्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल ठेवून गेमकरवी ती उघडवणं हीच पॅचची युक्ती. अँटिव्हायरसला संशय येणं स्वाभाविक. फाइल निर्मात्याच्या स्वतःच्या जागेवरून किंवा कंटेंट मॅनेजरमधून आली असेल तर अपवादाच्या यादीत टाका. कुठल्या तरी 'सगळं एकत्र' गठ्ठ्यातून आली असेल तर टाकू नका, उडवा.

लिनक्सवर चालतं का?

चालतं. फक्त वाइनला (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) बजावावं लागतं की डीराइट ही फाइल त्याची स्वतःची न घेता गेमच्या फोल्डरमधली घ्यायची. ते न सांगितल्यास पॅच उठतच नाही आणि कुठे चूकही दाखवली जात नाही.

मी केलेलं आकाश इतरांना देऊ का?

फोटो तुमचे असतील तर खुशाल. दुसऱ्याच्या पॅनोरामावर केलं असेल तर त्याचा परवाना वाचा, 'वापरायला मोकळं' आणि 'पुन्हा वाटायला मोकळं' यांत फरक असतो. पैसे घेऊन दिलेल्या संचातले ढग काढून आपल्या नावावर खपवणारे भेटतात, त्यांच्यात जाऊ नका.

सोल की प्युअर?

नव्याने सुरुवात करत असाल तर सोल. फुकट आहे, त्यावर लिहिलेली माहिती भरपूर आहे, आणि अडलात तर तुमची अडचण आधी कुणाला तरी आलेली असते. प्युअरमधलं आकाश आणि विशेषतः संध्याकाळचा उजेड अधिक खरा वाटतो हे खरं, पण त्यासाठी फिल्टर आणि प्रकाश यांचं नातं थोडंफार कळलेलं बरं. दोन्ही एकत्र फोल्डरमध्ये राहू शकतात, चालू एका वेळी एकच.

सगळं काढून मूळ आकाश परत आणायचं असेल तर?

नुसतं तपासण्यापुरतं हवं असेल तर गेमच्या मुख्य फोल्डरमधल्या डीराइट फाइलचं नाव बदला. पॅच उठणार नाही, त्यावर चालणारं हवामानही नाही. नाव परत पहिल्यासारखं केलं की सगळं जागेवर. कायमचं काढायचं तर ती फाइल आणि 'एक्स्टेन्शन' फोल्डर उडवा, हवामानाच्या फोल्डरमधून मूळ सात सोडून बाकीचे काढा, 'सिस्टम'च्या आतल्या फिल्टरांच्या फोल्डरमधून नंतर आलेले फिल्टर काढा. मग स्टीमकडून फाइल तपासून घ्या आणि गेम सुरू करण्याआधी व्हिडिओ सेटिंग्जमध्ये मूळ फिल्टर निवडा. हे शेवटचं राहिलं तर गेम नसलेला फिल्टर शोधत बसतो आणि रंग विचित्र येतात.